ताकदीचे इंजेक्शन

"फार थकवा आला आहे, डॉक्टर. एखादे ताकदीचे इंजेक्शन द्या." दवाखान्यात ही मागणी नेहमी ऐकू येते. हे इंजेक्शन बहुधा ब-गटातील जीवनसत्त्वांचे असते. गोळीपेक्षा सुई अधिक गुणकारी, असा आपल्याकडे समजही आहे. त्यात तथ्य किती?

प्रथम 'ताकद' या शब्दाचा विचार करू. शरीराला ऊर्जा मिळते ती पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांपासून. जीवनसत्त्वांपासून ऊर्जा मिळत नाही. अन्नातून ऊर्जा मोकळी करणाऱ्या व शरीराची घडण करणाऱ्या रासायनिक क्रियांना ती मदत करतात. यंत्राला वंगण लागते, पण वंगणावर यंत्र चालत नाही. वंगण कमी पडले तर यंत्र कुरकुरते. पुरेसे असताना आणखी ओतले, तर यंत्र अधिक वेगाने धावत नाही. जीवनसत्त्वांचेही तसेच आहे.

मग इंजेक्शन हवेच कशाला? याचे उत्तर 'मारक पांडुरोग' या आजाराच्या इतिहासात सापडते. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी घटत जात आणि रोगी हमखास दगावत असे. १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिले, की रोज भरपूर यकृत खाऊ घातल्यास असे रोगी सुधारतात. या संशोधनाबद्दल त्यांना व व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतातील गुणकारी द्रव्य, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले. १९५६ मध्ये डॉरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या रेणूची रचना उलगडली. त्याच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. ब-१२ च्या इंजेक्शनचा लाल रंग तुम्ही पाहिला असेल. तो या कोबाल्टयुक्त रेणूचाच.

परंतु या रोग्यांच्या आहारात ब-१२ नव्हते, असे नाही. कॅसल या डॉक्टरांना आढळले, की नुसते मांस खाऊन हे रोगी सुधारत नाहीत. निरोगी माणसाचा जठररस त्यात मिसळला तर सुधारतात. जठरात तयार होणारे एक प्रथिन ब-१२ ला सोबत घेऊन लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोचवते, आणि तेथे ते रक्तात शोषले जाते. या रोग्यांत ते प्रथिनच तयार होत नाही. म्हणजे अन्न आहे, पण आत शिरण्याचे दार बंद आहे. इंजेक्शन हे दार टाळून जीवनसत्त्व थेट शरीरात पोचवते. त्याचा खरा उपयोग हाच.

आता थोडे गणित करू. माणसाला ब-१२ रोज सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅम लागते. वर सांगितलेल्या मार्गाने एका वेळी साधारण तेवढेच शोषले जाते. पण मोठी मात्रा पोटात गेल्यास तिचा सुमारे १ टक्का भाग या प्रथिनाच्या मदतीवाचूनही आत झिरपतो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून असे १० मायक्रोग्रॅम मिळतात, म्हणजे गरजेच्या चौपट! शाकाहारी माणसांना ब-१२ मुख्यतः दुधातून मिळते, त्यामुळे त्यांच्यात त्याची कमतरता होऊ शकते. पण आतडे नीट असेल, तर गोळीने ती बहुधा भरून निघते. कमतरता तीव्र असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा जठराचा वा आतड्याचा भाग शस्त्रक्रियेने काढलेला असेल, तर डॉक्टर इंजेक्शन देतात. नवजात बालकाला रक्तस्राव होऊ नये म्हणून जन्मतःच दिले जाणारे के-जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही असेच आवश्यक आहे.

आता सुरक्षिततेविषयी. ब-गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, व जास्त झालेली बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. अशा इंजेक्शननंतर लघवी गर्द पिवळी होते, ती ब-२ मुळे. आपण मोजलेल्या पैशांचा काही भाग असा वाहून जातो! अ आणि ड ही जीवनसत्त्वे मात्र स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि शरीरात साठत राहतात. ड-जीवनसत्त्वाच्या ६ लाख एककांच्या इंजेक्शनची रोजच्या ६०० एककांच्या गरजेशी तुलना करा: ही १००० दिवसांची बेगमी झाली. अशी इंजेक्शने तपासणीवाचून वारंवार घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा पोचू शकते. शिवाय सुईचे स्वतःचे धोके आहेतच. वापरलेल्या सुईतून कावीळ-ब आणि एड्स यांचे विषाणू पसरतात, टोचलेल्या जागी गळू होऊ शकते, आणि क्वचित तीव्र ॲलर्जीही येते.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. थकवा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. लोहाची कमतरता, क्षयरोग, मधुमेह, थायरॉईडचे विकार, किंवा नुसती अपुरी झोप, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. इंजेक्शन घेतले, दोन दिवस बरे वाटले, आणि रक्ततपासणी लांबली, असे झाले तर मूळ आजार आत वाढतच राहतो.

तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, घरात कोणी ताकदीचे इंजेक्शन घ्यायला निघाले, तर तीन प्रश्न जरूर विचारा: कोणते जीवनसत्त्व कमी आहे? ते तपासून पाहिले आहे का? आणि ते गोळीने वा आहाराने भरून निघणार नाही का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितले, तर ते नव्या, बंद पाकिटातील सुईने निर्धास्तपणे घ्यावे.