उतारवयाचे बिऱ्हाड

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीवाटे जेथे सागराला मिळते, त्या मुखाच्या उत्तरेस, चार टेकड्यांच्या कुशीत वसलेल्या हरिहरेश्वराला आपले लोक दक्षिण काशी म्हणतात. काळभैरवाचे दर्शन घेऊन, ओहोटीची वेळ साधून, कातळातल्या अरुंद पायऱ्यांनी प्रदक्षिणामार्गाला उतरणारा यात्रेकरू पुष्कळदा पितरांना पिंड देण्यासाठीच आलेला असतो. पितरांच्या सोयीची ही व्यवस्था ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या गावात, आणि त्याच्यासारख्या कोकणपट्टीतल्या कितीतरी गावांत, अद्याप पितर न झालेल्या, म्हणजे हयात असलेल्या, परंतु हाती द्रव्य नसलेल्या म्हाताऱ्या माणसाने कोठे आणि कसे राहावे, याची तजवीज मात्र कोणीच केलेली नाही.

प्रथमदर्शनी हा प्रश्नच कोणाला अनाठायी वाटेल. कोकणातल्या म्हाताऱ्याला घराची काय ददात? कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर, आणि दैव थोडे बरे असेल तर पलीकडे नारळी-पोफळीची वाडी, एवढे गरिबाच्याही नावे असते, अशी आपली समजूत. पण ‘नावे असते’ हे शब्दच फसवे आहेत. सातबाऱ्यावर आजेसासऱ्यांचे नाव, वारस मुंबईत, ठाण्यात नि पुण्यात पांगलेले, वाटणी झालेली नाही, आणि ज्यांच्या सह्या लागायच्या त्यांच्यातली दोन माणसे एकमेकांच्या दारी जात नाहीत, अशा सामाईक घरात एकटी राहणारी विधवा काकू धड मालकीणही नसते आणि धड भाडेकरूही नसते. ती घराची राखण करीत असते, इतकेच. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, पश्चिमेच्या बाजूला झडी बांधायच्या, त्यासाठी गडी शोधायचा आणि त्याची मजुरी भागवायची, हे सारे तिच्या गळ्यात. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या घरांची छपरे उडाली आणि पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ लावून तिला सुपारी धरायला पाचसात वर्षे लागतात. पंचाहत्तरीच्या माणसाला हा हिशेब बोटांवर मांडता येतो. शासनाच्या घरकुल योजनेत सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात खरे, परंतु घरकुल बांधायला पायाखालची जमीन निर्वेध असावी लागते, आणि तेथे पुन्हा त्या सह्या आडव्या येतात.

याच्या उलट टोकाला मुंबईतला चाकरमानी. त्याने उभा जन्म दहा बाय बाराच्या खोलीत काढला. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या २०७ बी. डी. डी. चाळी उभारल्या, त्यांतली एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात त्याच्यासारख्यांचा संसार झाला, आणि गावाहून आलेला पाहुणाही त्यातच निजला. दिनांक १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या दिवशी जो तीस वर्षांचा होता, तो आज सत्तरी ओलांडून बसला आहे. गिरण्यांच्या जमिनीवर या कामगारांसाठी बांधलेल्या घरांची पहिली मोठी सोडत म्हाडाने काढली ती २०१२ साली, ६,९२५ गाळ्यांची, आणि अर्जदारांची संख्या दीड लाखाच्या घरात. गाळा २२५ चौरस फुटांचा. २०२० च्या सोडतीत त्याची किंमत साडेनऊ लाख रुपये धरली होती. बाजारभावाशी तुलना करता हा आकडा अल्प आहे यात शंका नाही, परंतु ज्याची कमाई चाळीस वर्षांपूर्वी थांबली त्याने साडेनऊ लाख आणावेत कोठून? बहुधा मुलगा कर्ज काढतो, गाळा मुलाच्या संसाराला जातो, आणि म्हातारा पोफळीच्या झावळ्या गोळा करायला गावी परततो.

माझ्या मते येथे मूळ दृष्टीच चुकते. घर म्हणजे मालकी, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट रुजले आहे की वृद्धाला निवारा द्यायचा म्हणजे एक तर त्याला मालक करायचे, नाही तर आश्रमात नेऊन ठेवायचे, याखेरीज तिसरा मार्ग आपल्याला सुचत नाही. वास्तविक म्हाताऱ्या माणसाला मालकी फारशी कामाची नसते. त्याला राहिलेली वर्षे निर्वेधपणे काढायची असतात. स्वतःची किल्ली, स्वतःची चूल, दाराशी बाकडे आणि उठवण्याची धमकी नाही, एवढ्यावर त्याचे भागते. मराठीत याला फार चांगला शब्द आहे: बिऱ्हाड.

आश्रमांची तरतूद सरकारदरबारी नाही असे नाही. राज्याची अनुदानित वृद्धाश्रमांची योजना १९६३ पासूनची आहे, पुरुषाला वयाची अट साठ, स्त्रीला पंचावन्न. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली, प्रत्येकी शंभर जणांसाठी. मग २००७ चा केंद्राचा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा आला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे गृह, असे त्याचे एकोणिसावे कलम म्हणते. परंतु राज्य सरकार ते गृह ‘स्थापील’ असे न म्हणता ‘स्थापू शकेल’ असे हे कलम म्हणते, आणि कायद्याच्या भाषेत या दोन क्रियापदांमध्ये किती अंतर असते हे ज्याने कचेरीत खेटे घातले आहेत त्याला सांगायला नको. शिवाय हरिहरेश्वरच्या काकूला दीडशे खाटांच्या गृहात जायचे नाही. तिला सकाळी देवळाची घंटा ऐकू यावी, मासळी घेऊन येणारी कोळीण ओळखीची असावी, आणि आजारी पडल्यास श्रीवर्धनच्या दवाखान्यात पोचवणारे कोणी शेजारी असावे.

असे बिऱ्हाड देता येते, हे इतरत्र दिसते. आउग्सबुर्ग या जर्मन नगरात याकोब फुगर नावाच्या धनाढ्य सावकाराने गरिबांसाठी वसाहत बांधली, तिची सनद १५२१ ची, आणि ती आजही वापरात आहे. सदुसष्ट घरे, सुमारे एकशे चाळीस बिऱ्हाडे. वर्षाचे भाडे तेव्हा एक ऱ्हाइन गुल्डन होते, आजही तेच, म्हणजे चालू चलनात ८८ सेंट, एका युरोहूनही कमी. त्याखेरीज रहिवाशाने दात्यासाठी दिवसातून तीनदा प्रार्थना म्हणायची. प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावरून वेगळे दार आहे. दारावरच्या घंटेच्या मुठी निरनिराळ्या आकाराच्या केल्या, त्या अंधारात नुसत्या स्पर्शाने आपले दार ओळखता यावे म्हणून, असे सांगतात. रात्री दहाला वेस बंद होते आणि उशिरा येणाऱ्याला किरकोळ दंड पडतो; फुगरही शेवटी घरमालकच!

अमेरिकेत १९५९ च्या गृहनिर्माण कायद्याने वृद्धांच्या इमारतींना सरकारी साहाय्य सुरू झाले; तेथे आता भाडेकरूने उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के द्यावे आणि उरलेला भार सरकारने उचलावा, असा दंडक आहे. सिंगापूरने त्याहून चतुर उपाय काढला. पंचावन्न वर्षांवरील माणसाला तेथे छोटा सरकारी गाळा पंधरा ते पंचेचाळीस वर्षांच्या मुदतीच्या पट्ट्याने घेता येतो, अट एवढीच की मुदत त्याच्या पंचाण्णव वर्षांपर्यंत पुरावी. म्हणजे माणूस भिंती विकत न घेता फक्त आपल्याला लागणारी वर्षे विकत घेतो.

हा तीस टक्क्यांचा दंडक आपल्याकडे लावून पाहू. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन महिना दीड हजार रुपये. ते मिळायला वय पासष्ट आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असावे लागते. दीड हजाराचे तीस टक्के म्हणजे साडेचारशे रुपये. त्याच हरिहरेश्वरात सुट्टीच्या हंगामात पर्यटकाला एका रात्रीपुरती खोली दीड हजारात मिळाली तर तो ती स्वस्त मानतो. जमिनीचा भाव ठरवणारा हा माणूस आणि साडेचारशे रुपये देऊ शकणारी काकू एकाच बाजारात उभी राहिली तर काय होणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणूनच ही बिऱ्हाडे बाजाराबाहेर, गावठाणातल्या सार्वजनिक जागेवरच झाली पाहिजेत. आठदहा खोल्यांची, तळमजल्यावरची, उंबरठा नसलेली, न्हाणीत धरायला लोखंडी कांब असलेली, एकाच लांब पडवीला जोडलेली चाळ. पट्टा हयातीपुरता, वारसाहक्क नाही, भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात. वारसाहक्क नाही म्हटल्यावर भाऊबंदांच्या सह्यांचा प्रश्नही उरत नाही.

तोवर ज्यांनी मुलापुतण्यांच्या नावे घर बक्षीसपत्राने करून दिले आणि आता ज्यांना तेथे जेवण मिळत नाही, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर, अट मोडल्यास, २००७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमान्वये परत मिळवता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रांतकचेरीपर्यंत एस.टी.चे तिकीटही पडत नाही.

आणि चाकरमान्यांना एक विनंती. १ मे रोजी ग्रामसभा भरते, आणि आंब्याच्या निमित्ताने तुम्ही त्या सुमाराला गावातच असता. समुद्रावर जाण्यापूर्वी तासभर सभेला बसा, आणि गावठाणातली कोणती जागा मोकळी आहे एवढे विचारून तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या.