वाट सोडू नका

पुण्यात कुणी 'सकाळी टेकडीला जातो' म्हणाला, की कोणत्या टेकडीला ते त्याच्या पत्त्यावरून कळतं. डेक्कनवरचा माणूस हनुमान टेकडी चढतो, सहकारनगरचा तळजाई. मी कोथरूडची, म्हणून माझी वेताळ टेकडी. अनेक वर्षं भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे आणि आठवड्यातले बहुतेक दिवस पहाटे तिथे चालते. एखाद्या दिवशी सपाटीवर थोडं पळतेही. या टेकडीने मला तब्येत दिली आहे. त्या बदल्यात आपण तिला काय देतो, याबद्दल मला लिहायचं आहे.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे 800 मीटर आणि शहर साधारण 560 मीटरवर. म्हणजे पायथ्यापासून दोनशे मीटरच्या आसपास चढ. कोथरूड, लॉ कॉलेज, गोखलेनगर, पाषाण अशा सगळ्या बाजूंनी वर जायला वाटा आहेत. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे. जवळच दगडाची जुनी खाण आहे, ती पावसाळ्यात भरते.

चालण्या-पळण्यासाठी ही जागा डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी चांगली आहे आणि त्याला कारण आहे. रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, तेच स्नायू आणि तेच सांधे पुन्हापुन्हा ताण घेतात. पायवाटेवर कुठे मुरूम, कुठे मूळ, कुठे तिरका खडक. दर पावलाला घोटा वेगळा वळतो, त्यामुळे घोट्याभोवतीचे लहान स्नायू आणि शरीराचा तोल दोन्ही तयार होतात. आमच्या वयाला पडण्याची भीती मोठी, म्हणून तोल राखण्याचा हा सराव फार मोलाचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. आठवड्यातून चार वेळा पाऊणएक तास टेकडी केली, की तो हिशेब पुरा होतो.

नव्याने येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. चढताना शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. बोलणं तुटायला लागलं की पळणं थांबवून चाला. चढावर सराईत पळणारेही चालतात. उतरताना मात्र जास्त सांभाळायचं. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार रोखून धरतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. लांब ढांगा टाकल्या तर टाच जोरात आदळते आणि मुरमावरून पाय सटकतो. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला आणि नजर चार पावलं पुढे, हे जमलं की उतार सोपा होतो.

आता टेकडीची बाजू. आपल्या पायाखाली आहे तो बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी बोटभरच. त्या मातीला गवताची मुळं धरून ठेवतात. पावसाचं पाणी गवतात अडतं, खडकाच्या भेगांतून खाली मुरतं आणि भूजलाला जाऊन मिळतं. चार ठिकाणी वाट सोडून लोक सरळ उतारावरून खाली उतरले, की तिथलं गवत मरतं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्याच सरळ रेषेतून धावतं, माती वाहून नेतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. मग झाडांची मुळं उघडी पडतात. नागमोडी जुनी वाट लांब वाटते, पण तिच्यावरून पाणी हळू उतरतं. पावसाळ्यात चिखल चुकवायला आपण वाटेच्या कडेने गवतातून जातो, तेव्हाही हेच होतं. हातभर रुंद वाट बघता बघता बैलगाडी जाईल एवढी होते. बूट भरले तर भरू द्यावेत, वाटेच्या मधूनच जावं.

टेकडीवर गिरीपुष्पाची लागवड खूप आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं हे झाड पटकन वाढतं, गुरं ते सहसा खात नाहीत, म्हणून बोडक्या टेकड्या हिरव्या करायला ते लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला गुलाबी बहर येतो. पण या टेकडीचा खरा जीव तिच्या गवताळ उघड्या भागांत आहे. तित्तिर, लावा, चंडोल हे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत, गवतात जमिनीवरच अंडी घालतात. मोकळा सोडलेला कुत्रा एका सकाळी अख्खं घरटं संपवू शकतो. कुत्र्यावर तुमचं प्रेम असेल, माझंही आहे. तरी टेकडीवर त्याला पट्टा हवाच. हिवाळ्यानंतर कुसळी गवत वाळून कोळ झालेलं असतं, तेव्हा विडीचं एक थोटूक वणव्याला पुरतं.

टेकडीसाठी झटणारी माणसंही इथेच भेटतात. आमच्या वाटेवर एक काका उन्हाळाभर दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन चढतात, लावलेल्या रोपांना पाणी घालायला. "काका, एक कॅन माझ्याकडे द्या," म्हटलं की ते लगेच देतात आणि कोणत्या रोपाला घालायचं तेही सांगतात. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीतून जाणारे बोगदे यांच्या प्रस्तावांविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. त्यांत रोज चालणारे होते, पळणारे होते आणि पक्षी बघणारेही होते. टेकडीवर पाऊल पडल्याशिवाय तिच्याबद्दल एवढी माया वाटत नाही, म्हणून लोकांनी यावं, आणखी यावं, असंच मला वाटतं.

मात्र एवढी माणसं येणार असतील, तर प्रत्येकाने काही पाळायला हवं. मळलेल्या वाटेवरूनच चाला आणि पळा. नवा शॉर्टकट दिसला तर त्यावर पाय ठेवू नका, बरोबरच्यांनाही थांबवा. पाण्याची बाटली घरून आणा आणि घरीच परत न्या. टेकडी वाचवायला मोर्चा लागतो तेव्हा मोर्चात या. बाकीचे दिवस वाट न सोडणं हेच तुमचं काम.