आधी तेल, मग जेवण

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठली, की आपण ती उन्हात ठेवतो. अलास्कातल्या फेअरबँक्सला हिवाळ्यात पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो आणि डिसेंबरात दिवस चार तासांचाही नसतो. तिथे उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या इंजिनाचे काय होत असेल?

फेब्रुवारी 1924 मध्ये कार्ल बेन आयल्सन यांनी फेअरबँक्सहून मॅकग्रथला विमानाने टपाल पोचवले. त्याच वर्षी नोएल वीन अलास्कात आले. त्या काळच्या वैमानिकांचा हिवाळी रिवाज ठरलेला असे. उतरल्यावर इंजिन गरम आहे तोवरच तेल डब्यात काढून झोपडीत न्यायचे आणि सकाळी शेगडीवर तापवायचे. इंजिनावर कॅनव्हासचे आवरण टाकून खाली पेटता स्टोव्ह ठेवायचा. वर पेट्रोल, खाली ज्योत, त्यामुळे जागचे हलायचे नाही. एवढ्या चुकीने विमाने जळालीही. इंजिन तापले, की गरम तेल ओतून लगेच सुरू करायचे.

तेल पातळ झाले की काम झाले, असे मला बरीच वर्षे वाटत होते. खरी मेख धातूत आहे. इंजिनाची बाहेरची पेटी ॲल्युमिनियमची, आतला क्रँकशाफ्ट पोलादाचा. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसते. बेअरिंगमधली फट कमी होते आणि तेलाच्या पापुद्र्याला पुरेशी जागा उरत नाही. नुसते सिलिंडर तापवले तरी इंजिन सुरू होते, पण पोट गारच राहते. तिथली झीज बाहेरून दिसत नाही. म्हणूनच लायकॉमिंग कंपनी बहुतेक इंजिनांसाठी सुमारे उणे 12 अंशांखाली आधी इंजिन तापवायला सांगते.

धोका आकाशातही असतो. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी नळी टोकाशी गोठली, तर आत दाब साचतो, सील निसटते आणि तेल वाहून जाते. त्यासाठी नळीला वर, उबेच्या जागी, आणखी एक छिद्र ठेवतात.

आज इंजिनाला चिकटवलेल्या विजेच्या तापकांनी हे काम सोपे केले आहे. त्या वैमानिकांना मात्र वस्तीपासून दूर बर्फावर उतरावे लागे. सकाळी इंजिन फिरले नाही, तर परतायचे कसे? म्हणून माणूस कितीही दमलेला असो, आधी तेल काढायचे आणि मगच जेवायला बसायचे.