दम लागतोय, तो सगळा बाळामुळेच?

"पोटुशीला दम लागायचाच. बाळ वर सरकलं की श्वास पुरत नाही." चिरनेरपासून पनवेलपर्यंत हे इतक्या घरांत ऐकलंय, की आता राग येतो. कारण त्यात थोडं खरं आहे आणि त्याच्या आड हृदयरोग लपून राहतो.

गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, नाडी मिनिटाला 10 ते 20 ठोक्यांनी. बाळ वर सरकण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तीन महिन्यांतच, हे सुरू होतं. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वासही खोल होतो, म्हणून हलका दम जाणवतो. निरोगी हृदय हा भार पेलतं.

पण हृदयाची मायट्रल झडप अरुंद असेल तर? लहानपणी घसा सुजून नंतर सांधे धरणारा ताप येतो, त्यातून ही झडप आक्रसते आणि वर्षानुवर्षं कळतही नाही. खारबांधाची उघाडी बुजत आली की पाणी मागे शेतात तुंबतं, तसं रक्त फुप्फुसांत तुंबतं. नाडी जलद झाल्याने झडपेतून रक्त उतरायला वेळही कमी मिळतो. म्हणून कधी आजारी न पडलेली बावीस वर्षांची मुलगी सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा धापा टाकते. आडवं झोपता न येणं, रात्री घुसमटून उठणं, गुलाबी फेसाचा खोकला, चक्कर येऊन कोसळणं, हे बाळ वर सरकल्याने होत नाही! त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टूडी इको करायला सांगितली तर घाबरू नका. तीही सोनोग्राफीसारखी ध्वनिलहरींचीच तपासणी आहे.

"बाळंत झाली, सुटली" हा समजही तितकाच घातक. प्रसूती होताच गर्भाशय आवळतं आणि तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. आजारी हृदयाला ते झेपत नाही. हृदयाचा स्नायूच दुबळा करणारा एक आजार तर बहुतेकदा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत दिसतो. माहेरी आलेल्या बाळंतिणीची धाप अशक्तपणा समजून डिंकाच्या लाडवांवर सोडू नका.

"दिवस गेले की बीपी वाढायचंच." उलट, मधल्या महिन्यांत ते थोडं उतरतं. 140/90 किंवा त्यावर गेलं तर उपचार लागतात.

लोहाच्या गोळीने बाळ काळं होत नाही, शौच काळी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि रक्तक्षयानेही दम लागतो.

पायांच्या सुजेवर मीठ तोडणं हा उपाय नाही. चेहरा सुजला, डोकं दुखायला लागलं, तर आधी बीपी मोजा.

2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे नुसतं "दम लागतो" म्हणू नका. किती पावलांवर लागतो, झोपायला किती उशा लागतात, लहानपणी सांधे सुजले होते का, हे सांगा. आणि रात्री आडवं होता येईना, तर 9 तारखेची वाट न पाहता 108 ला फोन करा.