यादवी का होते?

पाटण हे गाव कोयना व केरा या नद्यांच्या काठी, डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. तेथून दक्षिणेस डोंगर ओलांडीत गेले म्हणजे वारणा नदी लागते. सह्याद्रीत उगम पावून ती सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. ही शांत नदी एके काळी मराठ्यांच्या दोन गाद्यांमधील सीमा ठरली; आणि ती ठरण्यापूर्वी मराठे मराठ्यांशीच २४ वर्षे भांडत होते. एकाच राज्यातील लोकांच्या अशा युद्धास यादवी म्हणतात. श्रीकृष्णाच्या कुळातील यादव आपसांत लढून नष्ट झाले, त्या कथेवरून हा शब्द आला.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड पडला आणि त्यांचे सात वर्षांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत सापडले. राजाराम महाराजांनी राज्य राखिले. १७०० मध्ये ते निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी आपल्या मुलाच्या नावे औरंगजेबाशी टक्कर दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला व शाहू सुटून आले. आता राज्य कोणाचे? शाहू म्हणत, थोरल्या शाखेचा वारस मी. ताराबाई म्हणत, थोरल्या शाखेचे राज्य बुडाले. आम्ही लढून राखिले ते आमचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच तडजोड कठीण होती.

तथापि घरातील प्रत्येक कलहाचे युद्ध होत नाही. त्यासाठी लढणारे सरदार लागतात. शिवाजी महाराज सैन्याच्या चाकरीबद्दल शक्यतो रोख वेतन देत. पुढे खजिना रिता झाला, मोगल मनसबीचे आमिष दाखवू लागले. तेव्हा राजाराम महाराजांना सरदारांस मुलूख तोडून देणे भाग पडले. त्यामुळे राज्य तगले, पण सरदाराचे मन राज्यापेक्षा आपल्या मुलखात अधिक गुंतले. ताराबाईंनी सरदारांकडून दूधभाताच्या शपथा घेवविल्या, असे सांगतात. तरी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले. शाहू अस्सल आहेत अशी त्यांची खात्री पटली होती, हे मात्र विसरता कामा नये. त्यांचे पुत्र चंद्रसेन पुढे शाहूंना सोडून ताराबाईंकडे व नंतर निजामाकडे गेले. परचक्र येताच वतनदार वतनाच्या लोभाने आधी शत्रूस जाऊन भेटतात, अशी खंत रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त व्यक्त केली आहे. ती त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिली होती.

या आगीत तेल ओतणारेही होते. आज्जमशहाने शाहूंना सोडले ते दयेपोटी नव्हे. मराठ्यांत दुफळी माजावी हा त्यात हेतू होता. १७०९ मध्ये दोन्ही पक्षांचे वकील सरदेशमुखीच्या सनदा मागू लागले, तेव्हा बहादूरशहाने आधी तुमचा तंटा मिटवा म्हणून त्यांची बोळवण केली. पुढे निजामानेही हाच डाव टाकला; १७२८ मध्ये पालखेड येथे बाजीरावाने त्याला कोंडीत पकडले, तेव्हा तो फसला. इंग्लंडातही गादीच्या वारशावरून १४५५ पासून ३० वर्षे अशीच यादवी चालली होती.

राजांचे भांडण राजवाड्यात सुरू होई. त्याची झळ मात्र शिवारात लागे. एकाच गावावर दोन गाद्या हक्क सांगू लागल्या म्हणजे कुणब्याने धारा कोणास द्यावा? एकास दिला तर दुसऱ्याचे स्वार येणार.

अखेर १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. नदीच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरच्या संभाजी महाराजांकडे गेला. उत्तरेस सातारा राहिला. एकाने दुसऱ्याचे चाकर आपल्या पदरी ठेवू नयेत, असेही त्यात एक कलम होते.