खलनायक नसलेली प्रेमकथा

गरीब-श्रीमंतांच्या प्रेमकथा हिंदी सिनेमाने अमाप सांगितल्या. त्यांतल्या बहुतेकांत वर्गभेद म्हणजे अखेर कुणातरी बापाचा हट्ट असतो. ‘बॉबी’त (1973) मुलाच्या बापाची घमेंड आडवी येते. ‘मैंने प्यार किया’त (1989) नायिकेचे वडील अट घालतात, की नायकाने महिनाभरात स्वतःच्या मेहनतीवर 2000 रुपये कमावून दाखवावेत. मजुरी ही तिथे श्रीमंत मुलाने द्यायची परीक्षा आहे. तो पास झाला की मुलगी मिळते आणि दोघांची वाट पुन्हा बंगल्याकडे वळते. ज्यांना तीच मजुरी जन्मभर करायची आहे, त्यांचं पुढे काय झालं हे विचारण्याची गरज पटकथेला भासत नाही. बापाचं मन वितळलं की वर्गभेद संपला, हे या चित्रपटांनी आपल्याला इतक्यांदा सांगितलं आहे की ते खरंच वाटू लागतं. रोहेना गेरा यांच्या ‘सर’ने हा आडवा येणारा बापच कथेतून काढून टाकला, आणि तरीही दरी तशीच राहते हे दाखवलं. माझ्या मते हेच या चित्रपटाचं मोठं काम.

‘सर’ 2018 साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. आपल्याकडे तो 13 नोव्हेंबर 2020ला, ऐन दिवाळीत, टाळेबंदीनंतर नुकत्याच उघडलेल्या चित्रपटगृहांत लागला. बहुतेकांनी तो पुढे नेटफ्लिक्सवरच पाहिला. तिलोत्तमा शोम यांची रत्ना ही महाराष्ट्रातल्या खेड्यातली तरुण विधवा. मुंबईत अश्विन (विवेक गोम्बर) याच्या फ्लॅटवर ती राहून घरकाम करते. लग्न मोडल्यामुळे तो घरात एकटा आहे, म्हणजे एका छताखाली ही दोघंच. एका प्रसंगात कॅमेरा एका खोलीतून आडवा सरकत भिंत ओलांडतो आणि पलीकडच्या खोलीत शिरतो. एका बाजूला त्याचा ऐसपैस पलंग, दुसऱ्या बाजूला तिची जेमतेम झोपण्यापुरती खोली. मध्ये एकच भिंत, पण ती ओलांडायची मोकळीक फक्त कॅमेऱ्याला. रत्ना स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवते. तिने तसंच जेवावं असं अश्विनने कधी फर्मावलेलं नाही, आणि वर बसून जेव असंही त्याच्या मनात आलेलं नाही. हा भेद कुणाच्या दुष्टपणावर उभा नाही, तो दोघांच्या अंगवळणी पडला आहे.

इथेच पहिला आक्षेप येतो. अश्विन फारच सज्जन आहे, तो आवाज चढवत नाही, शिवणकाम शिकायला जायची परवानगी लगेच देतो, शिलाई मशीनही आणून देतो. मग हा चित्रपट घरकामगार बायकांच्या वाट्याला येणारं कटू वास्तव गोड करून मांडत नाही का? मला हा आक्षेप पटत नाही. मालक दुष्ट दाखवला असता तर सगळा दोष त्याच्या स्वभावावर ढकलून प्रेक्षक मोकळे झाले असते. माणूस चांगला असूनही परिस्थिती बदलत नाही, म्हणून दोष कशात आहे ते उघडं पडतं. कायद्याच्या अंगाने पाहिलं तरी हेच दिसतं. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 साल उजाडलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याने घरकामगारांना आपल्या कक्षेत घेतलं. पण घरकामगारांच्या हक्कांसाठी 2011 साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. आजही पगार, सुट्टी आणि वागणूक बहुतेक ठिकाणी मालकाच्या मनावरच असते. चांगला मालक हे तिचं नशीब ठरतं, हक्क नव्हे.

दुसरा आक्षेप रत्नाच्या नकारावर आहे. अश्विन प्रेम व्यक्त करतो तेव्हा ती लोक काय म्हणतील याचा विचार करून मागे हटते. मग हा चित्रपट शेवटी रूढीच्याच बाजूचा नाही का? मला तिच्या नकारात भित्रेपणा दिसत नाही, चोख हिशोब दिसतो. हे नातं फसलं तर अश्विन न्यूयॉर्कला जाऊ शकतो, आणि तो जातोही. रत्नाचं काम जाईल, राहायची जागा जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही आणि धाकट्या बहिणीच्या सासरीही बोल ऐकावे लागतील. प्रेम दोघांचं असलं तरी त्याची किंमत दोघांना सारखी नाही, हे तिला आधी कळतं. त्याला ते मित्राने सांगावं लागतं. गावी जाताना काढलेल्या बांगड्या मुंबईला परतताना ती पुन्हा हातात चढवते, तिच्या हिशोबाचं मूळ त्या लहानशा कृतीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे 2022मध्ये, म्हणजे चित्रपट कानला गेल्यानंतर चार वर्षांनी. ज्या समाजात बांगड्या घालायलाही गावाची मुभा लागते, तिथे मालकाशी जुळलेलं नातं लोक कोणत्या नजरेने पाहतील हे रत्नाला कुणी समजावण्याची गरज नाही.

शेवटाबद्दलची तक्रार मात्र मी अर्धी मान्य करतो. रत्नाला फॅशन डिझायनरकडे काम मिळतं ते अश्विनच्या ओळखीने. हात तिचा, शिवण तिची, पण दार त्याच्या शब्दाने उघडतं. कपड्यांच्या एका भारी दुकानात ती नुसती बघायला शिरली तेव्हा तिला बाहेर काढलं गेलं होतं, हे आठवलं तर त्याच्या शब्दाशिवाय दार कसं उघडणार होतं हा प्रश्न उरतोच. तरी क्रम महत्त्वाचा आहे. ती आधी त्याची नोकरी सोडते, बहिणीकडे राहायला जाते, स्वतःची कमाई सुरू होते, आणि त्यानंतरच फोनवर त्याला नावाने हाक मारते. पगार देणारा आणि घेणारी हे नातं संपल्याशिवाय तिच्या होकाराला अर्थ येणार नाही, ही समज पटकथेत पक्की आहे. रोहेना गेरा यांना पटकथेचा फिल्मफेअर मिळाला तो याच नेमकेपणासाठी योग्य वाटतो.

एक उणीव मात्र झाकता येत नाही, आणि ती आहे जातीबद्दलचं मौन. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ने 1959 साली अस्पृश्यतेचं नाव घेऊन प्रेमकथा सांगितली होती. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने 2016 साली जात आणि प्रेम यांचा रक्तरंजित हिशोब मराठी प्रेक्षकांसमोर ठेवला. त्यावरून हिंदीत बेतलेल्या ‘धडक’ने (2018) ती धार बोथट केली, तर ‘सर’ने तो विषय मोकळेपणाने हाताळलाच नाही. रत्नाच्या सासरी अश्विनचा विषय निघाला असता, तर त्याच्या फ्लॅटच्या किमतीआधी त्याचं आडनाव विचारलं गेलं असतं. वर्गाच्या इतक्या बारीक खुणा टिपणाऱ्या पटकथेत या प्रश्नाला जागा होती, आणि ती रिकामीच राहिली.