आधी माप, मग टिंब

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. एका आण्याचे ६.२५ नवे पैसे असा हिशेब बसला. मराठी माणसाला हा आकडा उच्चारायला नवा शब्द लागला नाही. सव्वासहा हा शब्द त्याच्याकडे होताच. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९५८पासून, मेट्रिक वजनं-मापं टप्प्याटप्प्यानं लागू होऊ लागली. शेर, छटाक, मण मागे पडले, किलो आणि ग्रॅम आले, वाराची जागा मीटरनं घेतली. ज्या भिवंडीचा संसार मागावर आणि कापडावर उभा आहे, तिथे एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर ही नुसती पुस्तकी माहिती नव्हती. त्यावर ताक्याचा भाव ठरणार होता.

सामान्य माणसाच्या हातात दशांश अपूर्णांक आला तो असा, गल्ल्यातून आणि तराजूवरून. त्यानंतरच्या जवळजवळ सात दशकांत प्राथमिक शाळेनं तो मुलांना कसा शिकवला, कुठे ती कमी पडली, आणि कुणी तो पुन्हा कामाला जोडून दाखवला, याचा हा मागोवा. तो भिवंडीला डोळ्यांपुढे ठेवून घेतला आहे, कारण दशांश शिकायला इतकं सोयीचं गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल.

दशांशाचं आणि कापडाचं नातं जुनं आहे. १५८५ साली ब्रुजच्या सिमॉन स्टेव्हिननं एक छोटी पुस्तिका काढली. तिचं नाव ‘द थिएन्दे’, म्हणजे अक्षरशः दशांश. युरोपात दशांश अपूर्णांकांचा हिशेब सर्वांसाठी सोपा करून मांडणारं हे पहिलं महत्त्वाचं लेखन. स्टेव्हिननं आरंभी ज्यांना नमस्कार केला आहे, त्यांत ज्योतिषी आहेत, जमीन मोजणारे आहेत, टाकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी आहेत, आणि भिंतीवरची विणलेली वस्त्रं मोजणारेही आहेत. रोज माप घेणाऱ्या माणसाचा हिशेब हलका व्हावा म्हणून ही रीत मांडली गेली. परीक्षेतल्या उदाहरणासाठी ती जन्मली नव्हती.

आपल्याकडे दशमान नाणी येण्याआधी अपूर्णांक तोंडपाठ असत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्या काळची मापं निम्म्यानिम्म्यानं तुटत: रुपयाचा अर्धा आठ आणे, त्याचा अर्धा चार आणे, त्याचाही अर्धा दोन आणे. त्यामुळे या पाढ्यांचा उपयोग रोजचा होता. नाणी आणि वजनं दशमान झाल्यावर हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. ते जाण्याला इलाज नव्हता, पण त्यांच्याबरोबर एक पूलही गेला. पाव म्हणजे ०.२५, अर्धा म्हणजे ०.५, पाऊण म्हणजे ०.७५ हे जोडून दिलं असतं, तर घरचा शब्द आणि शाळेचं चिन्ह एकमेकांना भेटले असते. बहुतेक वर्गांत ते राहून गेलं.

काम आणि गणित एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न त्याआधीच होऊन गेला होता. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीनं गांधीजींच्या कल्पनेवरून मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. टकळीवर सूत काढायचं आणि त्याच सुतावर हिशेब शिकायचा. चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी. सुताची लांबी, वजन, नंबर, मजुरी, सगळं मुलाच्या हातात. पण त्या हिशेबातली नाणी आण्यांची होती, वजनं शेरांची, लांबी फूट आणि वारांची. आणि पैसा, किलो, मीटर सगळं दशमान झालं, तोवर मूलोद्योग शाळा ओसरू लागल्या होत्या. हातात काम होतं तेव्हा दशांश नव्हता. दशांश आला तेव्हा हातातलं काम गेलं होतं. आपल्या दशांश-शिक्षणाचं मूळ दुखणं मला इथे दिसतं. कोठारी आयोगानं १९६४–६६मध्ये कार्यानुभवाचा आग्रह धरला, तोही बहुतेक शाळांत वेगळ्या तासाला बसवला गेला. गणिताच्या तासाशी त्याची गाठ पडली नाही.

२७ जानेवारी १९६७ला बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर एकसारखी पुस्तकं पोचू लागली. हे फार मोठं काम होतं. वर्गात मात्र दशांश उरला तो नियमांपुरता. बेरजेत टिंबाखाली टिंब मांडा. गुणाकारात टिंबानंतरची घरं मोजून तेवढी घरं सोडा. भागाकारात टिंब सरकवा. नियम बरोबर आहेत, पण टिंब कशासाठी आहे हे त्यांत कुठेच नाही. त्या काळात निदान रुपये-पैशांचा आधार होता. पाच पैशांची गोळी घेणाऱ्या मुलाला ०.०५ रुपया हातात धरता येत होता. ३० जून २०११ला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आज पाचवीत बसलेल्या मुलानं पैसा पाहिलेलाच नाही. त्याला रुपये-पैसे सांगून दशांश शिकवणं म्हणजे एका न पाहिलेल्या गोष्टीवरून दुसरी न पाहिलेली गोष्ट समजावणं.

परिणाम काय होतो, ते पाचवीच्या कोणत्याही वर्गात तपासता येईल. ०.५ मोठा की ०.१२५? बरीच मुलं ०.१२५ सांगतात, कारण आपण तो ‘शून्य पॉइंट एकशे पंचवीस’ असा वाचायला शिकवलेला असतो आणि एकशे पंचवीस पाचाहून मोठे असतात. २.५ आणि १.२५ यांची बेरीज उजवीकडून मांडली की १.५० येते. मूल तेच उत्तर लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळतं.

हा दोष मुलांच्या बुद्धीचा नाही, याचे पुरावे साचत गेले आहेत. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाजारात त्यांचे हिशेब ९८ टक्के बरोबर येत. तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली की प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांसोबत काम केलं. घरगुती धंद्यांतून ही मुलं मोजमाप, भाव आणि मजुरी यांचं पुष्कळ ज्ञान मिळवतात, आणि शाळेचं गणित त्या ज्ञानाला क्वचितच हात लावतं, हे त्यातून समोर आलं. २०२५ साली ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांबद्दल तेच दाखवलं, आणि उलट बाजूही दाखवली: शाळेत पुस्तकी गणित करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब अडतो. दोन्हीकडची मुलं अर्ध्यावरच थांबलेली आहेत. ही दोन गणितं जोडणं हे शाळेचं काम आहे.

महाराष्ट्रात हे जोडकाम करणारे होऊन गेले आणि आजही आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आसपासच्या वस्तूंवर शिक्षण उभं केलं. तेव्हा तो भाग भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यात होता. वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी १९९०च्या दशकात विधायक संसद या संघटनेनं भोंगाशाळा काढल्या आणि शाळाच भट्टीपाशी नेली. नवनिर्मिती या संस्थेनं हाताळता येणारं गणिताचं साहित्य शाळाशाळांत पोचवलं. राज्याच्या २०१२च्या अभ्यासक्रमानंतर आलेल्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात पाव, अर्धा, पाऊण हे शब्द दशांशाशेजारी येऊन बसले. धागा तुटलेला नाही. तो पातळ आहे एवढंच.

आता भिवंडी. इथल्या शाळांत मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणारी मुलं आहेत. दशांशाला उर्दूत अशारिया म्हणतात, पण चौथ्या हिश्शाला मराठीत पाव, उर्दूत पाव आणि तेलुगूतही पावु. पद्मनगरातलं तेलुगू घर असो की मोमीन विणकराचं, हा शब्द सगळीकडे मुलाच्या आधीपासून नांदतो आहे. दशांशाचा पहिला धडा त्या शब्दावर उभा राहू शकतो.

दुसरा धडा कापडावर. साडेचार मीटर कोरं कापड वर्गात पसरा. त्याचे पाऊण मीटरचे तुकडे किती? मुलं टेप लावतात, खडूनं खुणा करतात, सहा मोजतात. मग फळ्यावर ४.५ ÷ ०.७५ = ६. भागाकार केला आणि उत्तर वाढलं! ‘भागलं की कमी होतं’ हा पक्का बसलेला समज त्या कापडावर मोडतो. आता अडीच मीटर आणि सव्वा मीटर असे दोन तुकडे टोकाला टोक लावून मोजायला सांगा. वहीत १.५० लिहिणाऱ्याला टेप ३.७५ दाखवते. दोन तुकडे जोडल्यावर ते एका तुकड्यापेक्षा आखूड कसे होतील, हा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो. शिक्षकाला चूक दाखवावी लागत नाही.

तिसरा धडा मागाचा. विणकराचा हिशेब पिकावर चालतो. एका इंचात आडवे धागे किती, त्याला पीक म्हणतात. इचलकरंजीत तर ५२ पिकाला मीटरमागे किती पैसे, यावर मजुरीची बोलणी होतात. समजा, माग मिनिटाला १३० धागे टाकतो आणि कापड ५२ पिकाचं आहे. १३० ÷ ५२ = २.५, म्हणजे मिनिटाला अडीच इंच. एक इंच २.५४ सेंटिमीटर, म्हणून मिनिटाला ६.३५ सेंटिमीटर आणि तासाला ३.८१ मीटर. बारा तास न थांबता चालला तर ४५.७२ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबानं बरोबर ५० वार. पण धागा तुटतो, कांडी बदलावी लागते, वीज जाते. माग ०.८ वेळच चालला तर ४५.७२ × ०.८ = ३६.५७६ मीटर. इथे गुणाकार केला आणि उत्तर घटलं. ज्या मुलाचे वडील मागावर उभे असतात, त्याला ही घट कळायला वेळ लागत नाही. ती घरच्या पगारात दिसते.

चौथा धडा शाळेच्या चुलीवरचा. शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय निकषात पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. आज वर्गात ३८ मुलं आहेत. तांदूळ ०.१ × ३८ = ३.८ किलो. डाळ ०.०२ × ३८ = ०.७६ किलो. तेल ०.००५ × ३८ = ०.१९ किलो. टिंब एक घर चुकलं की डाळ ७.६ किलो होते, तांदळाच्या दुप्पट. अशी खिचडी कुणी पाहिली आहे का, एवढंच विचारायचं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.७६० उमटतं आणि शेवटचं शून्य का आलं यावर पुढची अर्धी तासिका रंगते.

या धड्यांत एक सावधपणा हवा. दिसणारं प्रत्येक टिंब दशांश नसतं. क्रिकेटमधली ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, म्हणजेच साडेचार. घड्याळातले २.३० म्हणजे अडीच वाजले. उंची ५.८ फूट लिहिली तरी बोलणारा पाच फूट आठ इंच म्हणत असतो. ही उदाहरणं टाळू नयेत. ती शेजारी शेजारी मांडली की टिंबानंतरचा आकडा ‘दहातले किती’ सांगतो आहे की ‘सहातले’, ‘साठातले’, ‘बारातले’, हे विचारायची सवय मुलांना लागते.

दुसरा सावधपणा अधिक गंभीर आहे. भिवंडीत मूल आणि माग हे दोन शब्द एकत्र आले की बालमजुरीची आठवण येते, आणि ती यायलाच हवी. काम शिकवणं आणि कामाला लावणं यांतलं अंतर शाळेनं राखलं पाहिजे. चालत्या मागापाशी वर्ग नेण्याची गरज नाही. कापड, बीमचं माप, कांडी, मजुरीचा हिशेब हे सगळं वर्गात आणता येतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांसोबत दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. भिवंडीत ते विणकर, शिंपी आणि गोदामात वजन करणारा काटेवाला यांना शाळेत बोलावून साजरे व्हावेत. ज्या माणसांचा हिशेब सोपा व्हावा म्हणून दशांश मांडला गेला, त्यांनीच तो मुलांना दाखवावा.

शिक्षकांना एकच विनंती आहे. यंदा पाचवीत दशांशाचा धडा येईल, त्याच्या आदल्या दिवशी साडेचार मीटर कोरं कापड, एक टेप आणि एक काटा वर्गात आणा. मुलांना दिवसभर मोजू द्या. पुस्तक दुसऱ्या दिवशी उघडा.